पुढच्यासाठी चिठ्ठी

बाबांनी ज्या कचेरीत आयुष्यभर इमारतींचे आराखडे केले, तिथे एक रीत होती. भिंत किंवा खांब कायमचा बंद करण्याआधी आराखडा करणाऱ्याने पुढच्यासाठी चिठ्ठी लिहायची, आत काय आहे, कच्चं कुठे आहे, उघडताना कशाला जपायचं, आणि ती पितळी नळीत घालून, झाकण कथलाच्या डाखाने कायमचं बंद करून आत ठेवायची. अशा चाळीसेक चिठ्ठ्या बाबांनी मन लावून लिहिल्या. वाचनालयाच्या तिसऱ्या खांबात मात्र त्यांनी कोरा कागद ठेवला होता.

जे लिहायला हवं होतं, त्याचीच लाज वाटत होती. खांब नाजूक दिसावा म्हणून गच्चीचं पाणी उतरवणारा नळ त्यांनी त्याच्या पोटातूनच नेला होता. कधीतरी तो गळणार, आतल्या सळ्या गंजणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण तोवर आपण थोडेच असणार आहोत, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. खांबाचं फार कौतुक झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अडतीस वर्षं झाली आणि बाबा अजून होते. मागच्या आठवड्यात तो खांब तडकला, छताचा तुकडा कोसळून खाली वाचत बसलेल्या एका बाईंचा हात मोडला, आणि दुरुस्तीचं काम नेमकं सुनेकडे आलं. ती इंजिनिअर, बाबांकडे बघून या धंद्यात आले, असं चारचौघांत अभिमानाने सांगणारी.

आज दुपारी तिने ती नळी आणून त्यांच्यापुढे ठेवली. डाख शाबूत होता.

"बाबा, तुमच्या हातची आहे. तुमच्यासमोरच उघडते."

"राहू दे गं, काय असणार तिच्यात," बाबा म्हणाले, तोवर तिने डाख कापलाही होता.

बाबांनी मान खाली घातली. कोऱ्या कागदाबद्दल काय सांगायचं, याची जुळवाजुळव ते करत होते, तेवढ्यात ती मोठ्याने वाचू लागली.

"या खांबात नळ आहे. तो गळेल, हे मला माहीत आहे. दिसायला बरं म्हणून मी हे केलं. कोणाला इजा झाली, तर दोष माझा."

बाबांनी वर पाहिलं. तिने डोळ्यांसमोर धरलेल्या कागदाची मागची बाजू त्यांच्याकडे होती आणि तिथेही एक ओळ होती. अक्षर त्यांचंच, पण तेव्हाचं नव्हे. हल्ली औषधांच्या यादीवर उमटतं तसं, थरथरतं. "सुनेने खरेपणाचं कौतुक केलं, तेव्हाही मी खरं बोललो नाही."

तिने कागद खाली केला. डोळे भरून आले होते.

"मला भीती होती बाबा, की तुम्ही लपवलं असेल. एवढं खरं कोण लिहून ठेवतं हो!"

हे मी लिहिलेलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. बाबांनी तोंड उघडलं. लाजेने कानशिलं तापली होती.

"अगं," ते म्हणाले, "आमच्या वेळी रीतच होती तशी."

ती हसली, आणि घडी घालण्यासाठी तिने कागद उलटा केला.