पहिला होकार

माझ्या भावाची दोन वर्षांची कमाई एका बटणापाशी अडकली होती आणि ते बटण मीच केलेलं होतं. रंग माझा, आकार माझा, वरचा मजकूरही माझा. दुसऱ्या कोणी केलं असतं तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

मी श्रुतिका. महाडला घरी बसून बंगळुरूच्या एका कंपनीचं काम करते. ही कंपनी क्रिप्टोचं वॉलेट बनवते, म्हणजे डिजिटल नाणी ठेवायचं मोबाईलमधलं पाकीट. ते साध्या माणसाला सहज वापरता यावं, हे बघणं माझं काम. या वॉलेटची गोम अशी, की फोन गेला तर बँकेसारखं शाखेत जाऊन गाऱ्हाणं घालता येत नाही. बाकीची वॉलेट तुम्हाला बारा इंग्रजी शब्द देतात आणि सांगतात, हे कागदावर लिहून जपून ठेवा, हीच तुमची किल्ली. कागदावर! आणि महाडात! एकवीस सालच्या पुरात आमच्या घरातलं रेशनकार्डापासून माझ्या डिग्रीपर्यंत सगळं चिखलात गेलं, आणि हे शहाणे मला कागद जपायला सांगतात.

म्हणून मी 'आपली माणसं' काढलं. वॉलेट सुरू करताना आपली तीन माणसं निवडायची. पुढे फोन हरवला, तर त्या तिघांच्या मोबाईलवर विनंती जाते. दोघांनी 'हो' दाबलं की नव्या फोनवर वॉलेट परत. एकानं जरी 'नाही' दाबलं तर विनंती रद्द, कारण मागणारा चोरही असू शकतो. तीन विनंत्या रद्द झाल्या की मात्र कायमचं कुलूप. ही तीनची अट माझ्या साहेबाची, अरविंदची. मी तिच्यावरून त्याच्याशी महिनाभर भांडले होते. एकदा कुलूप पडलं की मग ना मला उघडता येत, ना अरविंदला. कंपनीलाही उघडता येत नाही, हीच तर आमची जाहिरात!

माझा धाकटा भाऊ किशोर परदेशातल्या एका गेमवाल्यांसाठी चित्रं काढतो. राक्षस, बुरूज, तलवारी, असलं काय काय. ते त्याला डिजिटल नाण्यांत पैसे देतात. दोन वर्षं त्यानं त्यातलं काही मोडलं नाही, कारण ते त्याच्या बायकोचं होतं. दर्शनाचं नर्सिंग लग्नापायी अर्धवट सुटलेलं. यंदा तिला पनवेलला पुन्हा प्रवेश मिळाला होता. शुक्रवारी फी भरायची, नाहीतर तिची जागा दुसऱ्या मुलीला. आणि हा आमचा हुशार माणूस आमच्या गावी, कापड्याला, वाटणीच्या शेतात लावणीला गेला, तेव्हा खिशातला फोन चिखलात पडला आणि त्याच्यावरून नांगरणीचा पॉवर टिलर गेला.

"ताई, घाबरू नको," मला म्हणाला. "तुझं आपली माणसं आहे ना!"

त्याची तीन माणसं म्हणजे आमचे बाबा, मालोजी काका आणि दोस्त साहिल. साहिल जहाजावर असतो, त्याचा फोन महिना महिना बंद. म्हणजे बाबा आणि काका, दोघांचाही होकार हवा. आणि खरी अडचण इथेच होती.

किशोरनं ही नावं टाकली तेव्हा बाबा आणि काका एका ताटात जेवणारे भाऊ होते. मग आजोबा गेले. गावच्या पालखीचा पहिला खांदा त्यांचा असायचा. बाबा थोरले, पण नोकरीपायी जन्म महाडला गेलेला. काका धाकटे, पण गावात राहिलेले, देवाचं सगळं निगुतीनं करणारे. यंदाच्या शिमग्यात गावानं पहिला खांदा काकांना दिला. बाबांनी पालखीकडे पाठ केली ती थेट महाडला येऊन थांबले. तेव्हापासून बोलणं बंद, जाणं-येणं बंद, लावणीची माणसंसुद्धा वेगळी. वॉलेटला याचा पत्ताच नाही! त्यानं तुमची माणसं कोण ते एकदा विचारलं, लिहून घेतलं आणि गप्प बसलं.

सोमवारी किशोरनं नव्या फोनवरून पहिली विनंती पाठवली. जरा वेळानं उत्तर आलं, 'विनंती नाकारली गेली.' कोणी नाकारली हे आमचं वॉलेट सांगत नाही. तेही माझंच डोकं. गावात माणसं डूख धरतात, म्हणून नकार लपवायचा. होकार मात्र दाखवायचा, पण तोही मागणाऱ्याला नाही, फक्त दुसऱ्या आपल्या माणसाला. त्याच्या पडद्यावर ओळ येते, 'अमुक यांनी होकार दिला आहे. आता तुमची वाट पाहतोय.' एकाचं बघून दुसऱ्याला धीर येतो, असा माझा हिशेब. अरविंदला ही ओळ इतकी आवडली होती, की त्यानं ती मीटिंगमध्ये दोनदा वाचून दाखवली.

नाही कोणी म्हटलं असेल, यात विचारायचं काय होतं? बाप काय पोटच्या पोराला नाही म्हणेल?

मंगळवारी दुसरी विनंती. किशोरनं आधी काकांना मेसेज केला, "काका, प्लीज." पुन्हा नाकारली.  पनवेलला न्यायच्या बॅगेतले इस्त्रीचे पांढरे कोट दर्शनानं काढले आणि परत कपाटात ठेवले. ते बघून मला इतकी चीड आली, की वाटलं फोनच भिंतीवर आपटावा.

"मालोजीकडनं दुसरं काय होणार हाय," बाबा जेवता जेवता बोलले. ताटातून मान काही वर केली नाही.

मी अरविंदला फोन लावला. म्हटलं, एकच विनंती उरली आहे, काहीतरी कर.

"श्रुतिका, यू नो ना, आपल्या हातात नाही," तो म्हणाला. "लॉक कोडमध्येच आहे. तीच तर आपली सिक्युरिटी!"

"डोंबलाची सिक्युरिटी! माझ्या भावाचे पैसे आहेत ते!"

"मग गार्डियनशी, म्हणजे तुझ्या त्या आपल्या माणसांशी बोल. सोशल रिकव्हरी आहे, सोशल प्रॉब्लेम तुम्ही सोडवायचा."

हा माणूस समोर असता तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

बुधवारी मी स्कूटी काढली. किशोरला म्हटलं, बाबांजवळ बस आणि मी सांगेपर्यंत तिसरी विनंती पाठवू नकोस. महाड ते पोलादपूर मी हायवेनं मनातल्या मनात काकांना फैलावर घेत गेले. पुढे कापड्यापर्यंतच्या खड्ड्यांत सगळी वाक्यं पाठ झाली. काका गोठ्यात शेण काढत होते.

"काय गो श्रुतिका, एवढ्या पावसाची?"

"पावसाचं राहू द्या काका! तुम्हाला बाबांशी भांडायचं तर खुशाल भांडा, पण किशोरनं तुमचं काय घोडं मारलंय? आणि त्या दर्शनानं? दोन दोन वेळा नाही म्हणताना हात कसा धजावला तुमचा?"

 काकांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि फडताळातून फोन आणून माझ्या हातात दिला. पडद्यावर एकाखाली एक दोन हिरव्या खुणा. 'आपण होकार दिलात. धन्यवाद.' सोमवारची एक, मंगळवारची एक.

"फोन वाजला नि दाबलं," काका बोलले. "पोराचं काम हाय, त्यात विचार कसला करायचा? दोनी बारी दाबलं. मला वाटलं, तुमचं मशीनच खराब हाय."

मी तिथल्याच पिंपावर बसले. तोंडात मारल्यासारखं झालं. काका आत ओरडून काकीला चहा टाकायला सांगत होते आणि मला शरमेनं वर बघवत नव्हतं. मग शरमेचा पुन्हा राग झाला. मी किशोरला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि म्हटलं, "बाबांना दे."

"बाबा, 'नाही' तुम्ही दाबलंत?"



"त्यात काय लिवलं होतं, वाचलंस काय तू?" बाबा एकदम उसळले. "मालोजी यांनी होकार दिला आहे, आता तुमची वाट पाहतोय. माझी वाट? पोरगा माझा, नि त्याच्या कामात आधी हा नि मागनं मी? हितंपण पहिला खांदा त्याचाच?"

"म्हणून नाही दाबलंत?"

"कायमचं थोडंच दाबलं? बोललो, परत येईल, तेव्हा मी आधी दाबीन."

"मग मंगळवारी?"

"चहा पीत होतो," बाबांचा आवाज खाली आला. "कप ठेवीपर्यंत त्यानं दाबलंन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, आता एकदाच येणार आहे! एकदाच! तीनदा नाही झालं की कायमचं कुलूप. किशोरचे पैसे गेले, दर्शनाचं कॉलेज गेलं. खाली लिहिलेलं असतं ते!"

"खाली कुठं?"

खाली, बारीक अक्षरांत, राखाडी रंगात. अरविंद म्हणाला होता, मोठं लिहिलं तर लोक घाबरतील.

"मला नाय दिसलं गो," बाबा बोलले. "आईशप्पथ नाय दिसलं."

"तुम्हाला नसेल दिसलं, पण काकांनी दोन्ही वेळा फोन वाजल्याबरोबर हो दाबलं होतं. तुमच्या मुलासाठी! आणि घरात आम्ही सगळे त्यांनाच बोल लावत बसलो. तुम्ही समोर बसून ऐकत होतात!"

 काका दारात उभे राहून सगळं ऐकत होते. मी किशोरला सांगितलं, पाठव. काकांचा फोन माझ्या हातात थरथरला. पलीकडे बाबांचाही वाजलेला ऐकू आला. काकांनी सवयीनं बोट पुढे केलं, तसं मी त्यांचं मनगटच धरलं.

"थांबा! बाबांना आधी दाबू द्या."

"दाबू दे की. मला काय करायचंय?"

आम्ही थांबलो. काहीच होईना.

"बाबा, दाबा ना!"

"त्याला दाबू दे आधी," बाबा बोलले.

"काय?"

"दोनदा दाबलंय त्यानं. त्याचा मान हाय."

काका माझ्या फोनवर वाकले. "नाय, नाय! दादा, थोरला तू. तू आधी दाब."

"मालोजी, तू दाब."

"तुझ्या आधी मी नाय दाबणार आता."

"अरे दाब बोलतो ना!"

"मरंस्तवर नाय दाबणार!"

शिमग्यापासून हे दोघं पहिल्यांदाच बोलत होते आणि बोलत काय होते, तर हे! काकी चहाचे कप घेऊन तशीच उभी. फोनला नेटवर्कची एकच काडी, तीही येऊन-जाऊन. मघापर्यंत पुढे जाण्यासाठी भांडत होते, आता मागे राहण्यासाठी भांडायला लागले. पलीकडून किशोर "अहो काका, अहो बाबा" करत होता, त्याला कोण विचारतो! मला रडूच फुटलं, अगदी रागानं.

"तुमचा मान घाला चुलीत!" मी किंचाळले. गोठ्यातली म्हैससुद्धा उठून उभी राहिली. "मी तीन म्हणेन तेव्हा दोघांनी एकदम दाबायचं. कोणी मागे राहिलं ना, तर मी पुन्हा दोघांच्याही घरात पाऊल टाकणार नाही. एक! दोन! तीन!"

काकांनी दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. तेही माझंच, 'थोडा धीर धरा' असं खाली लिहिलेलं. ते लिहिणारीचा गळाच धरावासा वाटला. चक्र फिरत राहिलं, काका फोनकडे बघत राहिले, आणि मग स्पीकरमधून किशोरची आरोळी आली. मागे दर्शना हसत होती की रडत होती, ते कळेना.

"आलं?" काकांनी विचारलं.

"आलं काका. सगळं आलं."

काका खाली बसले. मी डोळे पुसले, चहाचा कप हातात घेतला. तेवढ्यात फोनमधून बाबांचा आवाज आला.

"श्रुतिका, पण आधी कोणाचं लागलं गो?"

मी काकांकडे बघितलं. तेही कान टवकारून माझ्याकडेच बघत होते.

शुक्रवारी दर्शनाची फी भरली. सोमवारी मी ती 'होकार दिला आहे'ची ओळ काढून टाकली आणि राखाडी अक्षरं मोठी, काळी केली. अरविंदनं विचारलं, डेटा काय आहे याच्यामागे? मी म्हटलं, शिमग्याला कापड्याला ये, मग दाखवते. तीनची अट काढायचं भांडण अजून चालू आहे, आणि या वेळी मी गप्प बसणार नाही.

आधी कोणाचं बटण लागलं, त्याची नोंद कंपनीच्या कॉम्प्युटरवर असते. डोळ्याचं पातं लवायलाही जास्त वेळ लागेल एवढाच फरक आहे, पण आहे. मी तो बघितलाय. बाबा रोज जेवताना विचारतात, काका आठवड्यातून दोनदा फोन करून विचारतात. आणि रोज संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून काकांना फोन लावतात. मी त्यांना काही सांगितलंय का, ते काढून घ्यायला. तो विषय दोन मिनिटांत संपतो. मग भाताला पाणी किती, म्हैस कधी व्यायची, पालखीचे दांडे बदलायला आलेत, असं तासभर चालतं.

मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही.