फाटकाजवळचा वाफा

थिर्झाच्या लग्नाला तिचा बाप आला, पण रिकाम्या हातानं आला. ही गोष्ट त्या किनाऱ्यावर अजून सांगतात. कारण तिथली रीत अशी की मुलगी सासरी निघाली की बापानं आपल्या वाफ्यातल्या सी-केलच्या, म्हणजे दर्याकाठच्या गोट्यांत उगवणाऱ्या भाजीच्या, मुळ्या कापायच्या, ते बेणं ओल्या गोणपाटात गुंडाळायचं आणि पोरीच्या हातात द्यायचं. कपाट नाही दिलं तरी चालतं, भांडी दोन कमी दिली तरी कुणी विचारत नाही. पण बेणं द्यायचंच. पुढच्या मार्चात पोरीच्या ताटात तिच्या वाफ्यातले पांढरे कोंब पडले पाहिजेत, त्यावर लोणी वितळलं पाहिजे, मग ती नांदती झाली.

जेबेझ हनीसेटनं दिलं नाही. कारण काय, तर जावई दर्यावर जाणारा नव्हता. नेड फॉगडन टेकड्यांकडचा, रेल्वेच्या फाटकावर कामाला, फाटकाशेजारच्या कंपनीच्या घरात राहणारा. हातात झेंडा आणि डोक्यात बटाटे, एवढाच त्याचा संसार. चर्चच्या दारात थिर्झानं बापाला विचारलं, बाबा, माझं बेणं? तर म्हातारा सगळ्यांसमोर म्हणाला, "बेणं दर्याच्या माणसाला असतं. तुझ्या नवऱ्याला बटाटे लावू दे. नाहीतर एक कर, बी टाकून सी-केल उगवून दाखव. माझ्या ताटात वाढ, मग येतो तुझ्या घरी जेवायला."

लोक हसले. बी टाकून सी-केल तिथं कुणी लावतच नाही. बेण्याला वर्ष पुरतं, बियांना तीन लागतात, तेही उगवल्या तर.

थिर्झा हसली नाही. आई लहानपणीच गेलेली, घरात हा एकच म्हातारा. तो तिच्या टेबलाशी बसल्याशिवाय ते घर तिला आपलं वाटणार नव्हतं. हे तिनं नेडला एकदाच सांगितलं आणि त्यानं मान हलवली. तो बोलायला तसा कंजूसच.

तिनं शरदात किनाऱ्यावरच्या गोट्यांतून रानटी सी-केलच्या बिया ओटाभर वेचून आणल्या. वाटाण्याएवढ्या, वाळक्या, हलक्या. वसंतात वाटाण्यासारख्याच मातीत खुपसल्या आणि रोज पाणी घातलं. ऑगस्ट आला तरी काही नाही.

शेवटी डंकबाई नावाची शेजारीण होती, नवरा बुडाल्यावर जाळी विणून पोट भरायची, ती कुंपणाशी येऊन म्हणाली, "अगं पोरी, ते बी दर्यात महिना महिना तरंगतं. बुचासारखं कवच आहे त्याला. तुझ्या झारीला ते काय भीक घालतंय? कवच नखानं उघड. ठोकू नकोस, आतला जीव फुटेल."

पुढच्या मार्चात थिर्झा तीन दिवस टेबलाशी बसून कवचं काढत होती. अंगठ्याची नखं सोलली. चाळीस दाणे निघाले, ते माशांच्या खोक्यात वाळू घालून लावले. सतरा उगवले. सहा गोगलगाईंनी खाल्ले. राहिले अकरा, जांभळट पानांचे, एकेक जणू रुसलेलं पोर. पहिला हिवाळा खोकं पडवीत होतं. मग तिनं नेडच्या काळ्याभोर मातीत किनाऱ्यावरचे गोटे आणि समुद्रशेवाळ मिसळून वाफा केला. नेडला ते बघवेना, एवढ्या चांगल्या जमिनीत दगड. त्या उन्हाळ्यात पानं हातभर रुंद झाली.

जेबेझ हे सगळं रोज बघत होता, कारण त्याचा किनाऱ्याचा रस्ता त्याच फाटकातून जायचा. सकाळी जाळ्यांची ढकलगाडी घेऊन यायचा, नेड फाटक उघडायचा, म्हातारा समोर बघत निघून जायचा. राम राम नाही, काही नाही. डोळे मात्र वाफ्यावरून एकदा फिरायचे.

आणि मग जानेवारीत नेडनं घात केला.

थिर्झा दोन दिवस आजारी मावशीकडे गेली होती. सी-केल हिवाळ्यात वरून मरते, मुळी खाली जिवंत असते, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. टेकड्यांकडच्या माणसाला कोण सांगणार? नेडनं बघितलं, वाफा ओसाड. त्याला वाटलं, बिचारीची झाडं गेली. ती परत यायच्या आत जमीन साफ करावी, लवकरचे बटाटे लावावेत, तेवढाच तिच्या मनाला आधार. म्हणून त्यानं फावड्यानं वाफा हातभर खोल उलथला. बोटाएवढ्या जाड मुळ्यांचे तुकडे तुकडे झाले. ते त्यानं जाळायला ढीग करून ठेवले.

थिर्झा आली, ढीग बघितला, आणि अंगातला कोटही न काढता चिखलात गुडघ्यावर बसली. ओरडली असती तर नेडला बरं वाटलं असतं. ती नुसती तुकडे वेचून मांडीवर ठेवत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नेड झेंडा हातात घेऊन उभा.

तेवढ्यात जेबेझ किनाऱ्यावरून परत आला. फाटक बंद होतं. नेड उघडायला गेला नाही. गाडी यायची आहे, एवढंच पुटपुटला. मग म्हाताऱ्याला थांबणं भागच होतं. दहा मिनिटं तो कुंपणाशी उभा होता. थिर्झा तुकडे खोक्यात आडवे लावायला लागली होती, फेकवत नव्हते म्हणून. कुठलं टोक वरचं, कुठलं खालचं, तिला कळत नव्हतं.

म्हाताऱ्यानं खूप दम धरला. पण मुळी आडवी पडलेली त्याला सोसेना.

"जाड टोक वर," तो म्हणाला. तीन वर्षांतले पहिले शब्द. "आणि आत्ता मातीत नको, कुजतील. मार्चपर्यंत वाळूत ठेव."

थिर्झानं वर बघितलं, पण तो ढकलगाडी पुढे रेटायला लागला होता आणि फाटक उघडलं होतं.

खोक्यात सदतीस तुकडे बसले. मार्चात लावले, तर एकतीस फुटले. अकराची एकतीस झाडं. फावड्यानं चुकून जे केलं, तेच गावातले लोक सुरीनं मुद्दाम करतात. डंकबाई तर नेडला भेटली की विचारायची, काय रे, यंदा काय काय उलथायचं ठेवलंय? तो कानापर्यंत लाल व्हायचा.

पुढच्या हिवाळ्यात थिर्झानं वाफा झाकला. कोंबांवर उजेडाची तिरीप पडली की ते हिरवे आणि कडू होतात, म्हणून लोक झाकणाची उंच मडकी उपडी घालतात. तिच्याकडे मडकी नव्हती. नेडनं कुठून तरी चार जुनी मातीची धुराडी आणली, वर झाकायला सपाट दगड ठेवले, एका गळक्या बादलीची भोकं चिखलानं बुजवली. आणि मग तोच रोज विचारायचा, जरा उघडून बघू का? ती म्हणायची, हात तर लावून बघ!

मार्चातल्या एका रविवारी तिनं दगड उचलले. आत वीतभर कोंब, पांढरेशुभ्र, टोकाला किंचित जांभळे. तिनं डंकबाईकडून निरोप धाडला. बाबांना म्हणावं, ताट वाढलंय.

दीड वाजेपर्यंत कुणी आलं नाही. लोणी दोनदा गरम करून झालं. मग दाराशी बुटांची माती झटकल्याचा आवाज आला.

जेबेझ टोपी काढून बसला. कोंब पाचच मिनिटं उकडलेले, वर लोणी. त्यानं एक खाल्ला, मग दुसरा, मग सगळे, आणि ताटातलं लोणी पावानं पुसून घेतलं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

थिर्झानं मीठ पुढे सरकवलं. ताटात आता काहीच नव्हतं, तरी त्यानं घेतलं.

मग तो नेडकडे वळला. "त्या दिवशी तू फाटक बंद ठेवलंस, तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. सव्वाअकराला गाडी नसते."

नेडच्या हातातला काटा तसाच राहिला.

"पंचवीस वर्षं ते रूळ ओलांडतोय मी. मला वेळापत्रक शिकवतोस?" म्हाताऱ्यानं मिशीवरचं लोणी पुसलं. "उभा राहिलो मी. माझ्या पायांनी."

थिर्झाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती उठून खिडकीशी गेली, नाक पुसून परत आली.

मग म्हातारा म्हणाला, माझा वाफा संपत आलाय. जुना झाला. यंदा चारच कोंब आले, काडीसारखे. हे तो टेबलावरच्या कापडाला सांगत होता.

थिर्झा पडवीत गेली. नोव्हेंबरातच तिनं सहा मुळ्या काढून वाळूत पुरल्या होत्या. कुणासाठी, ते नेडलाही सांगितलं नव्हतं. ओल्या गोणपाटात बांधून तिनं त्या बापासमोर ठेवल्या. त्यानं गाठ सोडली, एक मुळी उचलून दोन्ही टोकं बघितली. वरून सरळ कापलेली, खालून तिरकी, म्हणजे लावताना चूक होत नाही. त्याच्या आईनं त्याला तसंच कापायला शिकवलं होतं.

"चांगली कापलीयस," तो म्हणाला. मग टोपी घालता घालता, "नेड, उद्या सुट्टी आहे का तुला? माझ्याच्यानं खड्डे होत नाहीत आता."

"आहे," नेड म्हणाला. "फावडं आणू?"

"तू ये," म्हातारा म्हणाला. "फावडं घरी ठेव."