तळमजल्याचं घर

चंद्रकांतानं पत्र पुन्हा उलगडलं आणि ओसरीच्या उजेडाकडे धरलं. पत्र रत्नागिरीच्या गृहनिर्माण संस्थेचं होतं. इमारत पूर्ण झाली आहे, गुढीपाडव्याला घरांचा ताबा देण्यात येईल, कै. भैय्यालाल यांनी वारस म्हणून ज्यांचं नाव दिलं आहे त्यांनी त्याआधी कागदपत्रं पूर्ण करावीत, असं त्यात लिहिलं होतं.

"नाव वाच बरं परत," श्यामराव म्हणाले. हे तिचे चुलत सासरे. पत्र आल्याचं कळताच शेतातून तसेच आले होते.

"श्रीमती धुरपताबाई यादोराव. नातं, आई."

सुपातल्या लाखोळीच्या डाळीतले खडे वेचणाऱ्या तिच्या सासूबाईंची, धुरपताबाईंची, बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. सासरे यादोराव खांबाला टेकून अंगणातल्या धानाच्या तणसाकडे बघत होते. मुलगा गेल्यापासून ते असेच कुठेतरी बघत असत.

चंद्रकांताला ते नाव नवं नव्हतं. नवऱ्यानं, भैय्यालालनं, संस्थेचा फॉर्म भरला तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं. टेलिफोन खात्यात नोकरी लागली आणि एकोडीच्या धानाच्या बांध्यांतून उठून तो थेट समुद्राकाठी जाऊन पडला. नागपूरहून रेल्वेनं कोल्हापूर आणि तिथून घाट उतरणाऱ्या एसटीनं रत्नागिरी. लग्नानंतर "तुझं नाव टाकून घेऊ" असं तो दोनदा म्हणाला होता. पण सव्विसाव्या वर्षी असल्या कामाची घाई कोण करतं? भाद्रपदात त्याला कावीळ झाली आणि अकराव्या दिवशी सगळं आटोपलं.

"मंग तर सोपंच झालं," श्यामराव म्हणाले. "वहिनीनं अंगठा लावला का विकता येते. बोडीखालची बांधी विकाले निघाली आहे. पोराच्या नावानं जमीन राहीन. तिकडं समुद्रात आता कोन जाऊन राहते?"

"मी," चंद्रकांता म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की तिला पुन्हा बोलावं लागलं. "मी राहीन, काकाजी. टेलिफोन आफिसातून यांच्या जागेवर नोकरीचं पत्र आलं आहे. फागुनात हजर व्हाचं आहे."

ते पत्र आल्याचं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पोस्टमननं ते यादोरावांच्याच हातात दिलं होतं. पण त्याबद्दल आजवर कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"एकटी बाई? परमुलखात?" श्यामरावांनी भावाकडे पाहिलं. "अन् तुह्या भावानं शहापूरले नेतो म्हटलं आहे ना वो? माहेरी जाय. नाहीतर हेही घर तुह्यंच आहे. तुले कोनी जा म्हटलं काय?"

धुरपताबाईंनी सूप खाली ठेवलं.

"थे घर कोनं पाह्यलं आहे?" त्यांनी विचारलं.

चंद्रकांताशिवाय कोणीच पाहिलं नव्हतं.

"बैल घेतो तर आपन दात पाह्यतो, चालवून पाह्यतो. अन् घर असंच विकाचं? कसं आहे, कुठं आहे, काही मालूम नाही?" त्या उठल्या. "कागदाले पाडव्यापर्यंत टाइम आहे. मले पह्यले समजू द्या."

श्यामराव तेवढ्यानं गेले. पण चंद्रकांताची भीती गेली नाही. तेराव्या दिवशी भरल्या घरात सासू म्हणाली होती, "थ्या पान्यानं खाल्लं माह्या पोराले." त्या दिवसापासून त्यांनी रत्नागिरीचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. आणि त्या पाण्याजवळ, भाड्याच्या खोलीत, भैय्यालालसोबत होती ती एकटी चंद्रकांता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघीच घरी होत्या. धुरपताबाई लाखोळी घेऊन अंगणात बसल्या आणि म्हणाल्या, "सांग."

काय सांगावं, कुठून सांगावं, ते चंद्रकांताला कळेना. घर म्हणजे तिच्या डोळ्यांपुढे विटांच्या उघड्या भिंती होत्या आणि त्यांतून पुढे चालत "हा ओटा, इथं मोरी" असं दाखवणारा भैय्यालाल. शेवटी ती आत गेली आणि पेटीतून काही कागद घेऊन आली. संस्थेचे सचिव आनंदराव, निवृत्त शिक्षक. त्यांनी नव्या सभासदांसाठी चार पानं लिहून सायक्लोस्टाइल करून वाटली होती. पुष्कळसे सभासद बदलीवर घाटावरून आलेले नोकरदार; समुद्राकाठी घर कसं बघावं, कसं राखावं, हे त्यांना कळावं म्हणून.

तिनं वाचायला सुरुवात केली. "'समुद्र दिसतो म्हणून घर घेऊ नये. समुद्र रोज पाहिला नाही तरी चालतं. पाणी रोज भरावं लागतं. नळ किती वाजता येतो आणि विहीर मे महिन्यात मचूळ होते का, ते आधी शेजाऱ्याला विचारावं.'"

"मास्तर शहाना दिसते," धुरपताबाई म्हणाल्या.

"'घर पावसाळ्यात पाहावं. भिंतीला तळहात लावून पाहावा. उन्हाळ्यात सगळीच घरं कोरडी असतात. पश्चिमेच्या खिडकीतून वारा येतो तसा पाऊसही येतो. खिडकीला लोखंडी गज लावू नयेत, खारी हवा त्यांना दोन पावसाळ्यांत खाते, लाकडी लावावेत. मीठ, साखर, काड्यापेटी झाकणाच्या बरणीत ठेवावी.'"

"पाऊस मोठा आहे काय?"

"इथं धान रोवण्याच्या वक्ताले पडते ना, मामी, तसा. चार महिने. रोजच." सासूला ती मामी म्हणे.

"मंग कपडे वाळत कुठं घालता?"

"घरातच. दोरी बांधून. ओलेच राह्यतात दोन-दोन दिवस."

धुरपताबाईंनी मान हलवली. चंद्रकांता पान उलटून पुढे वाचू लागली. "'मजला. तळमजल्याला ओल येते. वरची घरं कोरडी आणि हवेशीर असतात. शक्य असल्यास वरचा मजला मागावा...'" आणि ती थांबली.

"काहून थांबली?"

"काही नाही."

"काय लिवलं आहे?"

"मास्तरांनी नाही. बाजूले यांनी लिहिलं आहे. पेनसिलीनं." तिनं कागद जरा दूर धरला, जणू अक्षर लागत नव्हतं. "'तळमजलाच. मायचे गुडघे.'"

चंद्रकांताला गप्प राहवेना.

"चिठ्ठीत आपल्याले दुसरा मजला निघाला होता, मामी. तिथून समुद्र दिसते. यांनी तो बदलून घेतला. माय आली तर जिना कशी चढीन, मनून. मी दोन दिवस बोलली नाही यांच्याशी. माहेरी सगळ्यायले लिहून टाकलं होतं मी, का खिडकीतून समुद्र दिसते."

धुरपताबाईंनी सुपातले दाणे सारखे केले. मग गुडघ्यावर हात रेटून उठल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी पुढचं काही विचारलं नाही.

चंद्रकांताला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी चुलीपुढे भाकरी थापता थापता त्यांनी विषय पुन्हा काढला, आणि मग रोजच काढू लागल्या. आफिसातून घर किती दूर? पायी वीस मिनिटं. रस्त्यावर दिवे आहेत काय? वळणापर्यंत आहेत, पुढे नाहीत. बाजूला कोण राहील? मंगलाबाई, शाळेत शिकवतात, एकट्याच आहेत. समोर पोस्टातलं बिऱ्हाड. दाराची कडी केवढी? खिडकीतून हात घालून काढता येते काय? मासळीचा वास घरात येतो काय? आजारी पडलं तर दवाखान्यात नेणारं कोण आहे?

एकदा त्यांनी मान वर न करता विचारलं, "पानी उकळून पेत होते काय तुम्ही?"

चंद्रकांताच्या हातातली भाकरी तव्याच्या काठावर पडली.

"पावसाळ्यात उकळत होती मी. एक-दोन दिवस राकेल नव्हतं, तेव्हा..." तिनं भाकरी सरकवायला उलथनं घेतलं. "यांची ड्यूटी बाहेर राहे. बाहेर कुठं कुठं पेत असतील, मले माहीत नाही, मामी."

धुरपताबाईंनी तिच्या हातातून उलथनं घेतलं आणि भाकरी सरळ केली. "कोनालेच माहीत नाही," त्या म्हणाल्या.

त्या कशासाठी विचारतात, ते काही चंद्रकांताला उमगत नव्हतं. श्यामराव येता-जाता सांगत, वहिनी पक्की आहे, गिऱ्हाईक येईल तेव्हा तिला कोणी फसवू शकणार नाही. तेही खरं वाटे. कधी वाटे, सासू आपल्यासोबत येण्याचा विचार करते आहे. एका दुपारी बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, कपडे धुताना तिनं धीर केला.

"मामी, तुम्हीच चला माह्यासोबत. यांनी घर तुमच्यासाठीच खाली घेतलं आहे."

धुरपताबाई लुगड्याचा पदर दगडावर घासत राहिल्या. मग पिळता पिळता म्हणाल्या, "मले थे पाह्यवनार नाही, बाई."

माघ संपत आला तेव्हा एका सोमवारी त्या सकाळीच धुतलेलं लुगडं नेसून तयार झाल्या आणि सुनेला म्हणाल्या, "संस्थेचे कागद घे. साकोलीले जाऊन येऊ." यादोरावांनी टोपी घातली होती. श्यामरावांना त्यांनी एवढंच सांगितलं होतं की कागद करायला जातो. कोणता कागद, हे चंद्रकांतानं विचारलं नाही. एसटीत ती खिडकीशी बसली. धान निघून गेलेल्या बांध्यांत लाखोळी पिवळी पडून वाळायला आली होती. हे सगळं आपण पुन्हा कधी बघू, की आयुष्यभर हेच बघत राहू, याचा निकाल शेजारी मांडीवर हात ठेवून बसलेल्या बाईच्या हातात आहे, एवढंच तिला कळत होतं.

तहसीलच्या आवारात कडुनिंबाखाली अर्जनवीस सोमाजी टेबल मांडून बसे. गावोगावचे लोक त्याच्याकडून कागद लिहून घेत. त्यानं संस्थेचं पत्र वाचलं, चष्मा वर केला.

"विकाचं आहे?"

"नाही," धुरपताबाई म्हणाल्या. "हे माही सून आहे. हिच्या नावानं कराचं आहे."

चंद्रकांतानं सासऱ्यांकडे पाहिलं. ते कडुनिंबाच्या बुंध्याकडे बघत होते. पण त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

सोमाजीनं स्टँप पेपर पुढ्यात ओढला आणि लिहायला घेतलं. नावं, वयं, नातं, घराचा नंबर. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी. लिहून झाल्यावर त्यानं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि टाक तसाच हातात ठेवून यादोरावांकडे वळला.

"एक कलम टाकून देतो. सुनेनं पुढं दुसरा घरोबा केला तर घर परत सासूच्या नावानं. सगळेच टाकतात. पोरगी लहान आहे, पुढचं कोनं पाह्यलं?"

यादोरावांनी बायकोकडे पाहिलं. चंद्रकांताची मान खाली गेली. "मी असं काही..." तिनं सुरुवात केली, पण धुरपताबाईंनी हात किंचित वर केला आणि ती थांबली.

त्या तिच्याकडे बघत होत्या. भैय्यालाल गेल्यापासून पहिल्यांदाच त्या तिच्याकडे अशा थेट बघत होत्या. तिच्या मोकळ्या मनगटांकडे, सैल पडलेल्या पोलक्याच्या बाह्यांकडे, चोविसाव्या वर्षी खाली घातलेल्या त्या मानेकडे.

"खोल्या दोन आहेत ना वो?"

"हो, मामी."

"अन् सैपाकाचं वेगळं?"

"हो."

त्या सोमाजीकडे वळल्या. "नोको टाकू थे कलम."

"बाई, विचार करा. तुमच्या पोराचं घर आहे. उद्या तिथं कोनी परका मानूस..."

"दोन मानसांले पुरते थे घर," धुरपताबाई म्हणाल्या. "आन तुही शाई."

चंद्रकांताला पहिल्यांदा वाटलं, त्या स्वतःबद्दल बोलताहेत. "तुम्ही येनार, मामी?" ती घाईनं म्हणाली.

धुरपताबाईंनी अंगठा कागदावर टेकवला आणि सोमाजी "बस" म्हणेपर्यंत दाबून धरला.

"येईन कधी," त्या म्हणाल्या. "पाव्हनी येईन."

यादोराव सोमाजीजवळ कागद वाळेपर्यंत थांबले. धुरपताबाई आवाराच्या कोपऱ्यातल्या हापशीकडे चालत गेल्या. चंद्रकांता मागोमाग गेली आणि तिनं दांडा धरला. पाणी आलं तशी त्यांनी खालची चिमूटभर रेती उचलली आणि अंगठा घासायला लागल्या. पाठ सुनेकडे होती. चार-दोन वेळा घासल्यावर शाई गेली. त्या घासतच राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

चंद्रकांतानं त्यांना हाक मारली नाही. कागद घेऊन यादोराव आले आणि दोघींपासून थोडं अलीकडेच थांबले. ती हापशी मारत राहिली.