एका मजल्याआड मलकापूर

शुक्रवारी नाष्ट्याला इलेक्ट्रिक गाड्यांवरून वाद झाला की सामंत कामाला होता त्या साइटवरचा टॉवर एक मजला चढायचा. मजूर लागत नसत, क्रेन लागत नसे. नऊला मिसळ वाढली जायची, साडेनऊला आवाज चढायचे आणि अकराच्या सुमारास वर नवा मजला उभा असायचा, खिडक्यांच्या चौकटींसकट. कंपनीनं आधी चौकशी नेमली. मग काम वेळेआधी होतंय म्हटल्यावर चौकशी गुंडाळली. शारजातल्या मराठी मंडळींना यात फार नवल वाटलं नाही. आपल्या भांडणातून एकदाचं काहीतरी उभं राहतंय, याचंच काय ते अप्रूप.

निवृत्ती पोवार पेट्रोलच्या बाजूचा. चार वर्षं तो तिथल्या एका गॅरेजात इंजिनं उघडत होता. गाडी फाटकातून आत येतानाच नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा, आणि त्याचा त्याला बऱ्यापैकी गर्वही होता. समोरच्या बाजूला अजित सामंत. हा देवगडचा, टॉवरवर सर्व्हेअर. त्याच्याकडे इलेक्ट्रिक गाडी होती आणि तिच्याबद्दल तो नव्या जावयाबद्दल बोलावं तसं बोलायचा.

"पन्नास डिग्रीत बॅटरीचं काय हुतंय, सांगा की," पोवार म्हणायचा.

"तुमच्या इंजिनाचं काय होतं? उकळतंच ना?"

"उकळलं तर पाणी घालता येतंय. हिला काय घालणार? सरबत?"

नियम दोनच होते. वाद मनापासूनचा पाहिजे. आणि मध्येच सोडायचा नाही. सोडला तर मजला ओलाच राहायचा आणि हळूहळू खाली बसायचा.

एवढा खटाटोप कशासाठी, तर वरून घर दिसायचं. नाष्टा झाला की सामंत सगळ्यांना साइटच्या लिफ्टनं वर न्यायचा. बहात्तराव्या मजल्यावरून समुद्रापलीकडची कोकणची किनार दिसली. अठ्ठ्याऐंशीव्यावरून देवगड. सामंताची आई काठी घेऊन कलमांवरची माकडं हाकलत होती. सामंत आधी हसला, मग खाली बसून रडला, आणि बाकीच्यांनी तेवढा वेळ दुसरीकडे बघितलं. पुढे गुहागरवाल्याला गुहागर दिसलं, लांज्याच्याला लांजं. ज्याला घर दिसलं त्याचा वादातला जीव जायचा. "दोन्ही गाड्या आपापल्या जागी बऱ्या," असं म्हणून तो दुसरा पाव उचलायचा. असं करता करता सामंत आणि पोवार एवढेच उरले; सामंत खरं तर पोवारासाठीच.

कारण पोवाराचं घर सह्याद्रीपलीकडे होतं, मलकापूरजवळच्या वाडीत. एकशे एकतिसाव्या मजल्यावरून त्याला आंबा घाट वळणावळणानं दिसला. लाल एसटी घाट चढली, माथ्यावर पोचली आणि पलीकडे उतरून दिसेनाशी झाली. त्या माथ्याच्या मागं त्याची बायको शालन होती. आणखी एकच मजला हवा होता.

फोन रोज व्हायचा, नाही असं नाही. पण फोनवर शालनचं एकच पालुपद, "सगळं बरं हाय." व्हिडिओ लावला तर फोन असा धरायची की पंखा आणि कॅलेंडर तेवढं दिसे. पोवाराला ती अशी बघायची होती, की कुणी आपल्याला बघतंय हे तिला माहीत नाही. घरी एकटी असताना बायको कशी बसते, कशी चालते, एवढंच. या माणसाला दुसरं काही नको होतं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात, मंगळवारी गॅरेजात एक इलेक्ट्रिक गाडी आली. पोवारानं बॉनेट उघडलं. आत सामान ठेवायला एक स्वच्छ घमेलं होतं, बाकी काही नाही. त्यानं खालून बघितलं, बाजूनं बघितलं, कान लावला. शेवटी वायपरचं पाणी भरलं, टायरमध्ये हवा मारली आणि स्टूल घेऊन तिच्यासमोर बसून राहिला. सामंत म्हणतो ते खरं आहे, हे त्याला तेव्हा पटलं. तो कुणाला बोलला नाही. पण टॉवरला ते कळलं.

त्या शुक्रवारी पोवार नेहमीपेक्षा मोठ्यानं भांडला. मजला आला, पण वीतभर उंचीचा. पोवार पोटावर सरपटत त्यात शिरला आणि हनुवटी टेकून बघत राहिला. घाटाचा माथा होता तिथंच होता. सोमवारपर्यंत तो मजला चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा विरघळून गेला.

"पोवार, तुम्ही मनातून हरलात," सामंत म्हणाला. "आणि येत्या शुक्रवारी बाराला वर लाल दिवा बसतोय, विमानांसाठीचा. दिवा बसला की टॉवर संपला."

त्या शुक्रवारी दोघांनी मिसळीचा डबा वरच नेला. पोवाराला मनापासून भांडता यावं म्हणून सामंतानं बाजू बदलून पाहिली. म्हणाला, "मी पेट्रोलचा. पेट्रोलचा वास काय सुंदर असतो!" आणि त्याचं त्यालाच हसू फुटलं. पोवारही हसला, पण त्याचे डोळे घाटावर होते. साडेअकराला दिवा घेऊन दोन माणसं आली आणि खोक्यावर बसून घड्याळ बघू लागली.

तेवढ्यात शालनचा फोन आला.

"आवं, एक सांगायचं हुतं. म्या गाडी घेतली. बॅटरीची स्कूटी."

"बरं केलंस. आणि माझी मोटारसायकल?"

"भंगारवाल्याला दिली."

ती मोटारसायकल त्यानं लग्नाच्या वर्षी घेतली होती, निघताना स्वतःच्या हातानं ताडपत्रीत बांधून ठेवली होती.

"भंगारात? मला इचारायचं न्हाई?"

"इचारलं असतं तर न्हाई म्हनला असता."

हे अगदी खरं होतं, म्हणूनच त्याचं डोकं फिरलं. पायाखाली काहीतरी हललं. सामंतानं खांब धरला.

"पावसात ती स्कूटी बंद पडली म्हंजे?"

"न्हाई पडत."

"लाइट गेली, चार्जिंग न्हाई, मग काय ढकलत आनशील?"

"ढकलीन. तुमची काय ढकलायला हलकी हुती?"

मजला चढत होता, चांगला पुरुषभर उंच. घाटाचा माथा खाली सरकला. पलीकडे कडवी नदी दिसली, मलकापूरचं स्टँड दिसलं, उसाची शेतं, वाडी, आणि त्यानं बांधलेलं स्लॅबचं घर. वरचा मजला व्हायचा म्हणून गज तसेच उभे सोडलेले. गच्चीवर जाणारा बाहेरचा जिना. जिन्याच्या खालच्या पायरीवर शालन बसली होती, फोन कानाला लावून. शेजारी स्कूटी, सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

ती किती वाळली होती. तू मला दिसतीयास, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण तसं म्हटलं असतं तर भांडण तिथंच मोडलं असतं. म्हणून तो डोळे पुसत पुसत ओरडला, "पन तुला गाडी लागतीच कशाला?"

"दवाखान्यात जायला कुनाच्या मागं बसू मग?"

"दवाखाना कशापायी?"

"गुडघा," शालन म्हणाली. तिनं तो एका हातानं दाबून धरला होता, हे त्याला दिसत होतं. "वरीस झालं."

"आणि रोज सगळं बरं हाय म्हनत हुतीस? लाज वाटत न्हाई खोटं बोलायला?"

"एवढं भांडायचंय तर या की हितं. या, आनि तोंडावर भांडा."

पोवार गप्प झाला.

मजला बसू लागला. आधी नदी गेली, मग स्टँड. दिवेवाले उठून उभे राहिले.

"बोला पोवार, काहीतरी बोला!" सामंत ओरडला. "येत नाही म्हणा!"

येत नाही म्हटलं असतं तर भांडण टिकलं असतं आणि मजलाही. येतो म्हटलं असतं तर वाद मिटला असता. पोवारानं दोनदा तोंड उघडलं. ती समोर बसलेली दिसत असताना त्याला नाही म्हणवेना, आणि ती डोळ्यांसमोरून जाईल म्हणून हो म्हणवेना. घाटाची कड वर आली. स्कूटीची चाकं गेली, शालनची पावलं गेली.

"हॅलो? आवं?" शालन म्हणाली. रेंज गेली असं तिला वाटलं असावं. ती भिंतीला धरून उठली आणि गुडघ्यावर हात ठेवून एक पायरी वर चढली. मग दुसरी. प्रत्येक पायरीवर थांबून ती "हॅलो" म्हणत होती, आणि घाटाची कड तिच्या पाठोपाठ जिना चढत होती.