उतारावरची हरिणी

विभाने डावा हात मागे करून पंजा उघडला, आणि शिरीष एक पाय ओंडक्यावर, एक चिखलात असा जागीच थांबला. वरच्या उतारावरून शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज आला होता. पाठोपाठ खूर जमिनीवर आपटल्याचा.

चूक त्याचीच होती. फोन खरंच बंद केलाय ना, हे बघायला त्याने जॅकेटच्या खिशाची चेन उघडली होती.

सीडरच्या खोडांमध्ये एक हरिणी मान ताठ करून त्यांच्याकडे बघत उभी होती.

पहाटे गाडीत विभाने त्याला समजावलं होतं की हरीण दचकलं म्हणजे लगेच पळतंच असं नाही. काहीतरी आहे एवढं त्याला कळलेलं असतं. काय आहे, ते कळलेलं नसतं. ते पाय आपटतं, मान खाली घालून झटकन वर करतं, म्हणजे समोरचा हलेल आणि उघडा पडेल. अशा वेळी मागे सरकायचं नाही, खाली बसायचं नाही, बंदूक तर मुळीच उचलायची नाही. जसे असू तसेच थांबायचं. पुष्कळदा ते निवतं आणि पुन्हा चरायला लागतं.

"आणि बोलायचं नाही," ती म्हणाली होती. "कुजबुजायचंसुद्धा नाही."

विभा जपानमध्ये, नागोयात, मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होती. काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर ती गिफूच्या डोंगरातल्या या गावात भाताची लावणी करायला आली होती. पुढच्या खेपेला बघते तर ते भात हरणांनी बुडख्यापर्यंत खाल्लेलं. गावात शिकारी उरले होते ते सगळे सत्तरीच्या आसपासचे. त्यांच्यातल्या मोरिता-सानांनी, तू शिकारीला येशील का, असं सहज विचारलं, आणि तिने सहज नाही, चांगला वर्षभर विचार करून परवाना काढला. लेखी परीक्षा दिली, चौकशीला घरी येऊन गेलेल्या पोलिसांना चहा पाजला. पुण्यात तिच्या आईला अजून वाटत होतं, की लेक रविवारी ट्रेकिंगला जाते.

तिचा नवरा शिरीष आजवर कधी बरोबर आला नव्हता. या आठवड्यात एकाएकी म्हणाला, रविवारी मीही येतो. गेले काही दिवस त्याचं कशातच लक्ष नव्हतं. जेवता जेवता उठून गॅलरीत जाऊन उभा राहायचा. घड्या घातलेले कपडे पुन्हा उलगडून घड्या घालायचा. मेट्रो सोडून ऑफिसातून चालत घरी यायचा. विभाने दोनदा विचारून पाहिलं, तर कामाचा लोड आहे म्हणाला. डोंगरात चालता चालता कदाचित बोलेल, असं वाटून तिने त्याला आणलं होतं.

आता चिखलातल्या बुटात गार पाणी शिरत होतं आणि त्याच्या पोटरीत गोळा येत होता. हरिणीने पुन्हा पाय आपटला. विभा पुढे इतकी निश्चल होती की तिच्या नारिंगी जॅकेटची पाठ श्वासानेही हलत नव्हती. त्याला खोकावंसं वाटलं. नाक पुसावंसं वाटलं. इथून चालत सुटावं असंही वाटलं.

बऱ्याच वेळाने हरिणीने मान खाली घातली आणि बुटक्या बांबूचं एक पान ओढलं. मग दुसरं. दोन पावलं टाकून ती त्यांच्याकडे कूस करून उभी राहिली.

विभाने बंदूक इतक्या सावकाश खांद्याला लावली की शिरीषला ती वर जाताना दिसलीच नाही, वर गेलेली दिसली. हरिणीच्या मागे डोंगराचा चढ होता, त्यावर बांबूचं दाट रान. गोळी चुकली तरी मातीत रुतणार होती. सगळं जसं हवं तसं होतं. तिने सेफ्टी काढली.

हरिणीने मान वर केली.

तिने शिट्टी वाजवली नाही. पायही आपटला नाही. फक्त तिच्या शेपटीभोवतीचे पांढरे केस फुलले आणि दोन्ही कान मागे, चढाकडे वळले.

विभाचं बोट चापाशेजारी होतं. आणखी एका श्वासात हरिणी निसटणार, हे तिला दिसत होतं. तिने बंदूक खाली घेतली, सेफ्टी लावली आणि काडतूस बाहेर काढलं. त्या आवाजासरशी हरिणी एका उडीत नाल्यापलीकडे गेली.

चढावरचा बांबू हलला. त्यातून एक म्हातारी बाई बाहेर आली. अंगात तपकिरी स्वेटर, पाठीला वेताची टोपली. हरिणी जिथे उभी होती, बरोबर त्याच्या वर. नारिंगी जॅकेटं दिसताच तिने वाकून नमस्कार केला आणि शिकार बिघडवल्याबद्दल माफी मागितली. विभाने विचारलं, की खाली शिकारीची पाटी लावली आहे ती दिसली नाही का. बाई म्हणाली, ती खालून आलीच नव्हती. तिचं घर पलीकडच्या अंगाला, रोजची वाट माथ्यावरूनच. मग तिने टोपलीतली मूठभर आळंबी काढून शिरीषच्या ओंजळीत ठेवली आणि पाय जपत उतरून गेली.

विभा ओल्या पानांवर खाली बसली.

"तुला कळलं कसं?" शिरीषने विचारलं.

"तिचे कान आपल्याकडे नव्हते."

तिने कमरेचा रेडिओ काढला. काही झालेलं नाही तर कशाला सांगतेस, असं तो म्हणाला. तिने ऐकून घेतलं आणि मोरिता-सानांना सगळं सांगितलं; नेम धरल्याचं आणि सेफ्टी काढल्याचंही. मग त्यांनी डोंगरात पांगलेल्या सगळ्या शिकाऱ्यांना बंदुका रिकाम्या करून खाली यायला सांगितलं.

खाली गाड्यांपाशी कोणी आवाज चढवला नाही. मोरिता-सान म्हणाले, माथ्यावरच्या वाटेवर पाटी नव्हती ही त्यांची चूक. पण रान दाट असताना त्याच्या दिशेने नेम धरला ही तिची. या मोसमात तिने बंदूक आणू नये, रान उठवणाऱ्या कुत्र्यांबरोबर चालावं. विभाने कंबरेत वाकून ते मान्य केलं. कोणीतरी तिच्या हातात गरम कॉफीचा कॅन दिला. तो तिने उघडलाच नाही.

गाडीत बसून तिने इंजिन सुरू केलं, पण गिअर टाकला नाही. शिरीषच्या मांडीवर रुमालात आळंबी होती. तो त्यांना चिकटलेली माती नखाने काढत होता.

"मला त्या दिसल्या होत्या," तो म्हणाला.

"कोण?"

"त्या बाई. तू बंदूक उचललीस तेव्हा. आधी वाटलं दुसरं हरीण आहे. मग टोपली दिसली."

विभाने स्टिअरिंगवरचे हात काढले.

"आणि तू बोलला नाहीस."

"तू सांगितलं होतंस की..." तो थांबला. "नाही. ते कारण नाहीये. मी ओरडणारच होतो. तोंडच उघडेना. हल्ली माझं असंच होतंय."

पुढच्या गाडीत म्हातारे कुत्र्यांना चढवत होते. एक कुत्रं चढायला तयार नव्हतं, ते पुन्हा पुन्हा डोंगराकडे वळत होतं. विभाला शिरीषला गदागदा हलवावंसं वाटलं. त्याच्यावर ओरडायला शब्द जमवले, ते तिच्या तोंडात आलेही. पण त्याचा चेहरा पाहून ती वेगळंच बोलली.

"आणखी काय आहे, जे तू सांगितलेलं नाहीस?"

त्याने माती काढणं थांबवलं.

"मी पुण्याला बदली मागितली होती. मिळाली."

"कधी मिळाली?"

"दिवाळीच्या आधी."

"दोघांसाठी मागितलीस, की एकट्यासाठी?"

त्याने इतके दिवस घरभर फिरून जे टाळलं होतं, ते सांगायला आता त्याला वेळ लागला नाही.

"एकट्यासाठी."

पुढची गाडी निघाली आणि थोडं जाऊन थांबली. त्यांची वाट बघत असावी. विभाने काच खाली केली, तुम्ही पुढे व्हा अशी खूण केली, आणि इंजिन बंद केलं.