अनोळखी पत्त्यांना मी अडवत होतो

मित्रांनो, रायपूरच्या समता कॉलनीत एक लहानशी रक्तपेढी आहे. तिथल्या कोपऱ्यातला पिवळा पडलेला जुना संगणक, तो मीच. शहर राजधानी झाले, त्या धामधुमीत मला इथे आणले. पहिल्या दसऱ्याला मला हळदकुंकू लावले. तेव्हा कीबोर्डमध्ये अडकलेले तांदूळ पुढे कित्येक महिने निघाले नाहीत, पण मी खूश होतो.

माझ्या पोटात एक यादी आहे. इंटरनेटच्या पत्त्याला शेवटी शेपटी असते ना, डॉट कॉम, डॉट इन, त्या शेपट्यांची. ओळखीची शेपटी दिसली की मी दार उघडायचो, अनोळखी दिसली की अडून बसायचो. पुढे शेकडो नव्या शेपट्या निघाल्या. आमच्या रुग्णांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कंपनीनेही नवा पत्ता घेतला आणि मी तिलाच अडवले. सगळे मला म्हातारा हेकट म्हणू लागले.

रक्ततपासणीचे काम करणारी सुजाता मालकांना म्हणाली, "काका, यादी बनवणाऱ्या कंपनीकडूनच नवी यादी मागवू. तिची खरेपणाची खूण जुळली की मगच टाकू. दोन दिवस लागतील."

मालक दिवाकरराव मूळचे वर्ध्याचे. परक्या कंपनीपेक्षा नात्यातल्या माणसावर त्यांचा भरवसा. ते म्हणाले, "दोन दिवस काहून थांबायचं? आपला शेखर हाये ना. बहिणीचा पोट्टा काय खराब आणून राहिला?"

शेखरने पेनड्राइव्हमधून काहीतरी टाकले. मला वाटले, तो नव्या शेपट्या शिकवेल. त्याने तर माझी तपासणीच बंद केली. आता मी कोणालाही अडवत नव्हतो. सगळ्यांनी माझे कौतुक केले आणि मला फार भीती वाटली.

चौथ्या दिवशी नोंदी सांभाळणाऱ्या कंपनीच्या नावाने एक ईमेल आला. त्यातला पत्ता दिवाकररावांनी दाबला. पान खोटे होते, शेपटीही अनोळखी. पूर्वीचा मी अडलो असतो. त्यांनी पासवर्ड लिहिला आणि दुसऱ्या सकाळी सगळ्या नोंदींना चोरांनी कुलूप लावले होते, एकही उघडेना.

त्याच सकाळी आमच्या जुन्या रुग्ण, बीरगांवच्या भीमाबाईंना दवाखान्यात नेले. त्यांना नुसता रक्तगट जुळवून दिलेले रक्त चालत नसे. कोणते चालत नाही, ते फक्त आमच्या नोंदीत होते. सुजाताने हाताने पहिल्यापासून रक्त जुळवायला घेतले. तिसऱ्या तासाला बाटली सापडली. तोवर भीमाबाई गेल्या होत्या.

दिवाकररावांनी शेखरला फोन लावला. तो म्हणाला, "मामाजी, वो तो मैंने ग्यारह जगह डाल दिया है. सब क्लिनिक हैं."

मित्रांनो, म्हाताऱ्या यंत्राला नवे जरूर शिकवा, पण त्याचे अडणे काढून घेऊ नका. त्या अकरा ठिकाणी सुजाता सावध करायला फोन लावते आहे; अजून चौघांनीच उचलला आहे.