जहाजासाठी काढलेला तांब्या

मी एक तांब्या बोलतोय. स्टीलचा, गोल पोटाचा, बाहेर वळलेल्या काठाचा. टमरेल नव्हे. हा खुलासा आधीच केलेला बरा, कारण गेल्या काही महिन्यांत या शब्दाने मला इतकं छळलंय की तो कानावर पडला तरी शिसारी येते.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याची चकती साच्यात दाबली, कड वळवली, पॉलिश मारलं, झालो मी तयार. माझ्यासारखे शेकडो भाऊ त्या दिवशी एकाच पत्र्यातून निघाले. आपण पाण्याचं भांडं झालो याचा मला केवढा अभिमान वाटला होता. उन्हातून आलेल्या पाहुण्यासमोर जायचं, जेवणाऱ्याच्या पानाशेजारी बसायचं, नशीब फळफळलं तर देवापुढेही. तांब्याला आयुष्यात आणखी काय हवं असतं?

दुकानात एका माणसाने माझ्या पोटावर अक्षरं कोरली. ‘ती. ऊर्मिलाताईंच्या एकसष्टीप्रीत्यर्थ, समस्त टिळेकर परिवार’. गुदगुल्या झाल्या, पण मी हललो नाही. त्या एकसष्टीच्या जेवणाला आलेल्या प्रत्येक जोडप्याच्या हातात माझा एकेक भाऊ पडला. मी पडलो शोभनाबाई आणि विलासरावांच्या हातात, आणि त्यांनी घरी नेऊन मला माळ्यावर टाकलं.

अकरा वर्षं मी माळ्यावर काढली. तीनदा मला खाली काढलं. कुणाची वास्तुशांत, कुणाची मुंज, कुणाचं बारसं. तिन्ही वेळा शोभनाबाईंनी मला कागदात गुंडाळलं आणि ऐनवेळी त्यांचं लक्ष माझ्या पोटाकडे गेलं. ‘अगंबाई, यावर ऊर्मिलाताईंचं नाव आहे,’ म्हणून पुन्हा वर. फुकट मिळालेली वस्तू फुकट खपवायची आणि वर मानही मिळवायचा, या माणसांच्या हिशेबाचा मला तेव्हाच वीट आला. अकरा वर्षांत माझ्या पोटात पाण्याचा एक थेंब पडला नाही.

मग हॅम्बर्गहून हृषिकेशचा फोन आला. हृषिकेश म्हणजे त्यांचा मुलगा. विमानांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. बायको सुकन्या, मुलगी ओवी आठ वर्षांची. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून त्याने क्रूझ काढली होती. तीन महिने हॅम्बर्गला राहायचं आणि परतीच्या आधी आठवडाभर जहाजाने नॉर्वेला जाऊन यायचं. शोभनाबाईंनी फोन ठेवला आणि कॅलेंडर उलटून जहाजाची तारीख शोधली. त्या मूळच्या सांगोल्याकडच्या, लहानपणी टँकरमागे घागर घेऊन धावलेल्या. चारी बाजूंना पाणी आणि काठ कुठेच नाही, असं एकदा बघायचंय, असं त्या लग्न झाल्यापासून म्हणत होत्या.

विलासरावांची काळजी वेगळी होती. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, माणूस अबोल. आदल्या वर्षी त्यांचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं होतं.

“जहाजावर कागदच असणार,” ते हळूच म्हणाले. “मला ते जमायचं नाही.”

“मुलाच्या संडासात पाण्याचा जेट आहे,” शोभनाबाई म्हणाल्या. “जहाजापुरतं काहीतरी न्यावं लागेल. प्लॅस्टिकचं बॅगेत फुटतं.” आणि त्यांनी माळ्याकडे बघितलं. “तो तांब्या चालेल. नाहीतरी कुणाच्या उपयोगाचा नाही.”

माझ्या अंगावर काटा आला. देवघराची स्वप्नं बघणाऱ्याला कुठे नेऊन बसवणार होते बघा. त्या दिवसापासून घरात माझं नाव बदललं. ‘ते टमरेल घेतलंस का?’ ‘टमरेल कपड्यांत नको, वेगळ्या पिशवीत घाल.’ एकदाही न वापरता मी विटाळलो. वेगळ्या पिशवीत घातलं ते घातलंच, वर जागा वाया जाऊ नये म्हणून माझ्या पोटात विलासरावांचे मोजे कोंबले. पाण्यासाठी जन्मलेल्याच्या पोटात मोजे.

हॅम्बर्गला पोचल्यावर अडीच महिन्यांहून जास्त काळ मी पलंगाखाली, बॅगेत होतो. बाहेर पाऊस पडल्याचा आवाज यायचा. या गावात पाण्याला तोटा नाही, पण माझ्या वाट्याला मोजे. जहाजाचा दिवस जवळ येऊ लागला तसा मी मनात म्हणायचो, काहीही होवो, ते जहाज न निघो.

शेवटी तो शनिवार उजाडला. बंदरावरच्या टर्मिनलमध्ये हातातल्या बॅगा तपासत होते. मशिनच्या पडद्यावर माझा गोल काळा आकार दिसला आणि अधिकारी बाईंनी बॅग उघडायला लावली. पिशवीतून मला काढलं, माझ्या पोटातून एकेक मोजा काढला आणि मला दिव्याखाली फिरवून विचारलं, “वास इस्ट डास?”

हे काय आहे, एवढाच प्रश्न. सरळ उत्तर देता आलं असतं. पण मागे रांगेत वीस गोरी माणसं उभी. हृषिकेश लालबुंद झाला.

“आल्झो... आइने ब्लूमेनव्हाझे,” तो म्हणाला. फुलदाणी.

“नाइन,” ओवीने खणखणीत आवाजात दुरुस्ती केली. ओवीला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र जर्मन. “फ्युअर डी टॉयलेटं. फॉन ओपा.” आजोबांच्या संडासासाठी आहे, हे अख्ख्या रांगेला कळलं. मागचा एकजण हसला. अधिकारी बाईंनी मला दोन बोटांत धरून परत पिशवीत सोडलं. सुकन्या छताकडे बघत होती आणि विलासराव आपल्या बुटांकडे.

मला सगळ्यांचीच किळस आली. पाण्याने धुणं ही लाजेची गोष्ट आणि खोटं बोलणं ही नव्हे, हे कुठल्या शाळेत शिकवतात? आणि ज्या म्हाताऱ्यासाठी हे सगळं, त्याच्याकडे कुणी बघेना.

मग तीन तास नुसतं बसणं झालं. काचेपलीकडे जहाज उभं होतं, पांढरंशुभ्र, दहा मजली. शोभनाबाई नव्या जांभळ्या साडीत, पायात स्पोर्ट्स शूज, डोक्यावर टोपी. त्या जहाजावरची नजर काढत नव्हत्या. शेवटी गणवेशातला एक माणूस माइकसमोर आला आणि जर्मनमध्ये बरंच काही बोलला.

“आजी,” ओवी म्हणाली, “शिफ काप्पुट.” जहाज बिघडलंय.

पहाटे धक्क्याला लागताना जहाजाचा पंखा पाण्याखाली कशावर तरी आदळला होता आणि त्याचा दांडा वाकला होता. दुरुस्तीला काही आठवडे लागणार. सफर रद्द.

खरं सांगतो, मला आनंद झाला. सुटलो, असं वाटलं. मग मी पिशवीच्या तोंडातून शोभनाबाईंकडे बघितलं. त्यांनी टोपी काढली, नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि पदर सारखा केला. पन्नास वर्षं वाट बघणाऱ्या बाईची टोपी पर्समध्ये जाताना बघून मला माझ्या आनंदाचीही घाण वाटली.

बाकीच्यांचं काय सांगू? नुकसान सोसलेल्यांना म्हणून कंपनीने सँडविच आणि कॉफी ठेवली, तर मघाशी डोळे पुसणारेच कोपराने एकमेकांना ढकलत तिकडे धावले. एका माणसाने चार सँडविचं खिशात घातली. हृषिकेश काउंटरवर भांडून आला. कंपनी पुढच्या उन्हाळ्याची सफर देणार होती, पण यांचा व्हिसा दहा दिवसांत संपत होता आणि पुढच्या उन्हाळ्याची खात्री त्या वयात कोण देणार? तरी सुकन्या म्हणाली, “आई, बाबा, जहाजासमोर एक फोटो काढू या. ग्रुपवर सगळे विचारतायत.” काढला फोटो. दोघंही फोटोत हसली.

घरी आल्यावर शोभनाबाईंनी तोंड उघडलं. “निघायच्या आधी सत्यनारायण करायला हवा होता. मी बोलले होते तसं. पोथीतल्या त्या वाण्याच्या नौकेचं काय झालं, माहीत आहे ना?”

“आई, तो मेकॅनिकल फॉल्ट आहे,” हृषिकेश म्हणाला.

“असेल. उद्या लग्नाचा वाढदिवस आहे. उद्या पूजा करायची.”

रविवारी सकाळी चौरंग मांडला, रव्याचा प्रसाद झाला, आणि कळलं की घरात कलशच नाही. सुकन्याचा तांब्याचा कलश तिच्या मैत्रिणीने, इराने, वास्तुशांतीला नेला होता आणि इरा सुट्टीवर गेली होती. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. सगळे स्वयंपाकघरात गोळा झाले. माझी पिशवी तिथेच ओट्याच्या कोपऱ्यात पडलेली होती.

“एक तांब्या आहे की,” विलासराव म्हणाले.

अकरा वर्षं आणि तीन महिने मी या वाक्याची वाट बघत होतो.

“काहीतरीच काय,” शोभनाबाई म्हणाल्या. “तो त्या कामासाठी आणलाय.”

“वापरलाय कुठे? जहाजावर पाय तरी ठेवला का आपण?”

“म्हणून काय झालं? मनाने तर त्यासाठीच काढला ना.”

सुकन्याने कपाटातून काचेचा एक जार काढला. “आई, हा घ्या. नवाच आहे.” शोभनाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन बाहेर गेल्या तशी ती नवऱ्याच्या कानाशी लागली. “अरे, तुझ्या ऑफिसातल्या उत्कर्षच्या पार्टीला यात बिअर भरली होती ना?”

“गप. गरम पाण्याने घास आणि दे.”

विलासराव दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं, मीही ऐकलं.

बिअरच्या जारात पाणी भरलं. सुपारी पडली, नाणं पडलं, आंब्याची पानं मिळेनात म्हणून कुंडीतली कसलीतरी खोचली, वर नारळ ठेवला, आणि जाराचा वरुण झाला. फोनवरून पोथी वाचली. सगळ्यांनी जाराला हात जोडले. आणि मी, ज्याच्या अंगाला पाणीसुद्धा शिवलं नव्हतं, ओवळा म्हणून आत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात. इथे तर कथलाला सोन्याचा मान आणि सोनं उकिरड्यावर. मला इतकी घृणा कधी वाटली नव्हती.

आरती झाल्यावर सुकन्या मला उचलून पाहुण्यांच्या संडासात घेऊन गेली. “आणलाच आहे तर इथे राहू दे,” म्हणून तिने मला फरशीवर, ब्रशच्या शेजारी ठेवलं. बाहेर प्रसाद खाता खाता हृषिकेश टर्मिनलची गंमत सांगत होता. “बाबांच्या टमरेलाची फुलदाणी केली मी,” असं काहीतरी. ओवी खिदळली. सुकन्याही हसली.

मग दार उघडलं. विलासराव होते. मला वाटलं, झालं, आली वेळ. पण त्यांनी कडी लावली नाही. खाली वाकून मला उचललं आणि स्वयंपाकघरात आणलं. राख नव्हती, त्यांनी साबणाने घासलं, आत, बाहेर, काठाखाली, कोरलेल्या अक्षरांतसुद्धा. नळ सोडला. गार पाणी माझ्या पोटात पडलं, चढत गेलं, गळ्यापर्यंत आलं. ते कसं वाटलं ते मला सांगता येणार नाही. मी जड झालो, एवढंच म्हणतो.

मला हातात घेऊन ते सगळ्यांसमोर गेले, मान मागे केली आणि वरून धार धरून घटाघटा प्यायले.

“अहो,” शोभनाबाई उभ्या राहिल्या. “अहो, तो...”

“तो काय? माझ्यासाठी आणलाय ना? मग यातून काय करायचं ते मी ठरवतो.”

“बाबा, मी ग्लास देते,” सुकन्या म्हणाली.

त्यांनी चौरंगावरच्या जाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. “कुठल्या भांड्यात आधी काय होतं ते मी विचारत नाही, पोरी. यात काही नव्हतं, एवढं मला माहीत आहे.”

सुकन्याचं तोंड पांढरं पडलं. शोभनाबाईंना त्यातलं काहीच कळलं नाही, आणि विलासरावांनी ते कळू दिलं नाही. हृषिकेश मान खाली घालून ताटलीतला प्रसाद चिवडत होता.

“माझ्या आजारपणाला हसलात, त्याचं काही नाही,” विलासराव म्हणाले. “पण रांगेत फुलदाणी म्हणालास, तेव्हा तुला माझी लाज वाटली. ते मला आवडलं नाही.”

त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं. पुढचे नऊ दिवस मी तिथेच होतो. विलासराव माझ्यातलं पाणी प्यायचे. दोन दिवसांनी हृषिकेशही प्यायला. सुकन्या मला रोज भरायची, वर वाटी झाकायची. शोभनाबाई मात्र माझ्याकडे बघायच्या आणि बाटली उघडायच्या. एकदा हृषिकेशने त्यांना बंदरातल्या फेरीबोटीतून फिरवून आणलं. परत आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “दोन्हीकडे काठ दिसत होता.”

आज सकाळी विमानतळावर विलासरावांनी मला हातातल्या बॅगेत घातलं होतं. पुन्हा तपासणी, पुन्हा पडद्यावर माझा काळा आकार, पुन्हा एक अधिकारी. त्याने मला वर काढून धरलं आणि तोच प्रश्न विचारला. मुलगा काचेपलीकडे राहिला होता. विलासराव एका हाताने सुटलेली पँट धरून दुसऱ्या हाताने ट्रेमधला पट्टा शोधत होते.

शोभनाबाई पुढे निघून गेल्या होत्या. त्या मागे वळल्या, सावकाश चालत आल्या आणि त्यांनी ओंजळ करून तोंडाशी नेली.

“पाणी प्यायचा तांब्या आहे,” त्या मराठीत म्हणाल्या.

त्या माणसाला शब्द कळले नसतील. त्याने मान हलवली आणि मला दोन्ही हातांनी परत दिलं. शोभनाबाईंनी मला आपल्या पदराने पुसलं. पाणी अजून त्या माझ्यातून प्यायलेल्या नाहीत, हे सांगायला हवं. पिणार आहेत का, मला माहीत नाही.

आता मी विमानात, डोक्यावरच्या कप्प्यात आहे. खाली म्हणे समुद्र दिसतोय, काठ नसलेला. विलासरावांनी बाईंना खिडकीची जागा दिली आहे. तुम्हा माणसांची मला वाटणारी किळस अजून गेलेली नाही, जाणारही नाही. फक्त एक सांगतो, कुणालाही नाव ठेवण्याआधी एकदा त्यात पाणी भरून बघा.

माझ्या पोटात पुन्हा मोजे कोंबलेत. धुतलेले आहेत म्हणून गप्प बसलोय.